रोमची वार्ता आणि नाशिकचा वाचक

नगरपालिकेने कोणता कर वाढविला, गोदेच्या पुरात कोणता घाट बुडाला, बाजारात कांद्यास काय भाव आला, ह्यांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते ते वाचकास स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहता येते. संपादकाकडून चूक झाली तर दुसऱ्याच दिवशी दहा माणसे ती त्याच्या पदरात घालतात. परंतु सात समुद्रांपलीकडील एखाद्या राज्याविषयी त्याच वृत्तपत्राने काही लिहिले, तर ते खरे की खोटे, पुरे की अपुरे, हे पाहण्याचे साधन सामान्य वाचकाजवळ नसते. तो देश त्याने पाहिलेला नसतो, तेथील भाषा त्यास येत नसते, आणि तेथून आलेला मनुष्यही सहसा त्याच्या ओटीवर बसत नाही. म्हणून गावातल्या वृत्तपत्राची सत्ता जेथे सर्वांत कमी असेल असे आपण समजतो, तेथेच, म्हणजे परराज्यांविषयीच्या लोकमतात, ती सर्वांत अधिक असते. ही सत्ता कशी चालते आणि तिचे फळ काय होते, हे केवळ तर्काने सांगण्यापेक्षा आपल्याच इतिहासातील एका प्रकरणावरून पाहावे, असा आमचा विचार आहे. ते प्रकरण म्हणजे १९२२ नंतरची इटली, तिचा लोकप्रिय हुकूमशहा बेनितो मुसोलिनी, आणि त्याच्याविषयी मराठी वाचकवर्गाचे झालेले मत.

ह्या विचारासाठी आम्ही नाशिक क्षेत्र निवडले, ह्याचे कारण असे की परदेशाविषयीचे मत बहुधा बोलण्यात येते आणि बोलण्यातच विरते. नाशिकास मात्र ते एका संस्थेच्या घडणीत उतरले. शिवाय ह्या एकाच गावात, त्याच दशकात, परदेशातील राज्यांकडे पाहण्याच्या निरनिराळ्या दृष्टी एकमेकींच्या शेजारी नांदत होत्या. तुलना करू पाहणाऱ्यास इतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

इटलीचे नाव नाशिककरांस मुसोलिनीने शिकविले नाही. ते त्याच्या आधी वीस वर्षे येथे घरोघर पोचले होते. येथे प्रथम मित्रमेळा निघाला आणि १९०४ साली त्यातूनच अभिनव भारत ही संस्था उभी राहिली. त्या तरुणांचा आदर्श जोसेफ मॅझिनी हा होता. विनायकराव सावरकरांनी लंडनमध्ये केलेले मॅझिनीच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे सरकारने ते जप्त केले. तात्यासाहेब केळकरांनी गॅरिबाल्डीचे चरित्र लिहिले, आयर्लंडचा इतिहास लिहिला. परक्या देशांच्या ह्या कथांचा मराठी लेखकांस इतका लळा का लागावा? उत्तर उघड आहे. राजद्रोहाच्या कलमाखाली लोकमान्यांस १८९७ साली आणि पुन्हा १९०८ साली शिक्षा झाली होती. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने छापखानदारांकडून जामीनरकमा मागण्याचा अधिकार सरकारास मिळाला. आपल्या देशाविषयी जे सरळ लिहिता येत नव्हते, ते इटलीच्या, आयर्लंडच्या अथवा जपानच्या नावाने लिहिता येत असे. लेखक ‘ऑस्ट्रिया’ लिही आणि वाचक ‘इंग्लंड’ वाची. हा संकेत दोघांच्याही अंगवळणी पडला होता.

ह्या संकेताने मराठी लोकांचे राजकीय शिक्षण पुष्कळ झाले, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु त्याबरोबर एक खोडही जडली. परदेशाची हकीकत वाचताना तो देश स्वतः कसा आहे, ह्यापेक्षा आपल्या दुखण्यावर त्यात कोणते औषध आहे, हे शोधण्याची सवय लागली. मॅझिनीच्या बाबतीत ह्या सवयीने फारसे बिघडले नाही, कारण मॅझिनी सत्तेवर नव्हता. तो स्वतःच परागंदा आणि छळलेला होता. तीच सवय जेव्हा सत्तारूढ पुरुषाकडे वळली, तेव्हा तिचा दोष दिसू लागला.

मुसोलिनीच्या अनुयायांनी रोमवर चाल केली ती २८ ऑक्टोबर १९२२ रोजी, आणि तो पंतप्रधान झाला तो त्याच आठवड्यात. ह्यानंतर मराठी पत्रांत, विशेषतः केसरीत, इटलीविषयी जे लिहिले गेले त्याचा शोध इटलीतीलच संशोधिका मार्झिया कासोलारी ह्यांनी घेतला, आणि २००० साली आपला लेख इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली ह्या पत्रात प्रसिद्ध केला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे १९२४ पासून १९३५ पर्यंत केसरीत इटली, फॅसिझम आणि मुसोलिनी ह्यांवर नियमाने लेख व अग्रलेख येत होते. मागासलेल्या इटलीस पहिल्या प्रतीचे राष्ट्र बनविणारा पुरुष म्हणून मुसोलिनीचे वर्णन होई. तो मूळचा समाजवादी, ही गोष्टही लेखकांच्या मनात भरली होती. उदार पक्षांचे राज्य जाऊन हुकूमशाही आली, ह्या स्थित्यंतराचे चित्र बेबंदशाहीकडून सुव्यवस्थेकडे झालेला प्रवास असे रंगविण्यात आले. निवडणुकीऐवजी नेमणूक, पार्लमेंटाऐवजी फॅसिस्ट महामंडळ, ह्या फेरफारांस बरीच जागा मिळाली. १९२९ मध्ये तेथील तरुणांच्या संघटनांवर विस्तृत लेख आला. केसरीचे लंडन येथील बातमीदार डी. व्ही. ताम्हणकर ह्यांनी १९२७ साली मुसोलिनी व फॅसिझम ह्या विषयावर मराठीत स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. मराठी वाचकास युरोपातील हुकूमशाहीचा परिचय झाला तो असा, आपल्याच भाषेतून आणि आपल्याच विश्वासाच्या पत्रातून.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. हे लेखक विकले गेले होते काय? अथवा अडाणी होते काय? आम्हांस ह्या दोहोंपैकी एकही म्हणवत नाही. ही मंडळी बहुश्रुत होती, इंग्रजी पत्रे रोज वाचीत होती, आणि देशासाठी तुरुंग सोसलेल्या परंपरेत वाढली होती. शिवाय मुसोलिनीवर भाळणारी ती एकटी नव्हती. विन्स्टन चर्चिल ह्यांनी १९२७ च्या जानेवारीत रोम येथे मुसोलिनीची जाहीर वाखाणणी केली होती, आणि इंग्लंडातील सनातनी पत्रांचा सूरही त्या काळी फारसा निराळा नव्हता. ‘इंग्रज ज्याची निंदा करतो तो आपला मित्र’ एवढेच कारण मराठी पत्रांच्या कौतुकास असते, तर ते चर्चिलच्या स्तुतीबरोबर ओसरावयास हवे होते. तेव्हा कारण आणखी खोल शोधले पाहिजे.

ते कारण लेखकांत जितके होते तितकेच वाचकांत होते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने येथील लोक निःशस्त्र झाले होते. सैन्यभरतीत ‘लढाऊ जाती’ हा भेद सरकारने रुजविल्यामुळे पांढरपेशा महाराष्ट्रीय कुटुंबांस पलटणीचे दार जवळजवळ बंद होते. ज्यांच्या पूर्वजांनी अटकेपर्यंत घोडी नेली अशी कथा घरात सांगितली जाई, त्यांचे मुलगे कचेरीत खर्डेघाशी करीत होते. ‘आम्ही दुबळे का झालो?’ हा प्रश्न त्या वर्गास रात्रंदिवस बोचत होता. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तुकड्यातुकड्यांत विभागलेली, दरिद्री, परक्यांनी तुडविलेली इटली एकाएकी ताठ उभी राहिली, गाड्यांसारखी शिस्तीने चालू लागली, आणि तिची आठ वर्षांची मुले गणवेष घालून कवाईत करू लागली, ही बातमी त्या प्रश्नास आयत्या उत्तरासारखी भेटली. वाचक पैशाचे पत्र घेत होता तो इटली समजून घेण्यासाठी नव्हे. स्वतःच्या दुखण्यावर दिलासा मिळावा म्हणून. संपादकास हे ठाऊक होते, कारण तोही त्याच घरातला होता. वृत्तपत्र लोकमत घडविते असे आपण म्हणतो. पण येथे लोकांच्या मनातील इच्छेनेच वृत्तपत्राची लेखणी धरली होती, आणि मग त्या लेखणीने ती इच्छा दामदुपटीने परत केली.

आता ह्या चित्रात काय झाकले गेले ते पाहू. १० जून १९२४ रोजी ज्याकोमो मात्तेओती ह्या समाजवादी प्रतिनिधीस रोममध्ये भररस्त्यातून पळवून नेऊन ठार मारण्यात आले. निवडणुकीतील दांडगाई त्याने भर सभेत उघड केली, हाच त्याचा अपराध. १९२५ च्या अखेरीस मिलानच्या कोरियेरे देल्ला सेरा ह्या विख्यात पत्रातून संपादक लुईजी आल्बेर्तीनी ह्यांस जावे लागले. त्याच डिसेंबरात मुद्रणाचा नवा कायदा आला, आणि १९२६ च्या नोव्हेंबरात विरोधी पक्षांची उरलीसुरली पत्रे बंद पडली. १९२८ च्या कायद्याने महामंडळाने ठरविलेली चारशे नावांची एकच यादी मतदारांपुढे ठेवावयाची आणि त्यांनी होय किंवा नाही म्हणावयाचे, असे ठरले. ह्या गोष्टी जगापासून लपलेल्या नव्हत्या. परंतु त्या सर्व स्थित्यंतरास ‘बेबंदशाहीकडून सुव्यवस्थेकडे’ असे नाव एकदा दिले म्हणजे त्यांचे वजनच बदलते. मग खून हा अपघात ठरतो, बंद पडलेले पत्र हा खर्च ठरतो, आणि एका यादीची निवडणूक ही सुधारणा ठरते. खोटे एक अक्षर न लिहिताही केवळ नाव ठेवण्याने वाचकाचा न्याय कसा फिरविता येतो, ह्याचे हे उदाहरण आहे.

आणि येथेच आम्हांस सर्वांत मोठे आश्चर्य वाटते. ज्या पत्राने आपल्या संपादकाचा मंडालेपर्यंतचा वनवास पाहिला. त्याहीपूर्वी १८८२ साली, पत्र निघून दोन वर्षे होण्याच्या आतच, ज्याच्या टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्याच पत्राने संपादकांस घरी बसविणाऱ्या राज्याचे कौतुक करावे! मुसोलिनी स्वतः संपादक होता. समाजवाद्यांचे आवान्ती हे पत्र त्याने चालविले, आणि पुढे १९१४ साली इल् पोपोलो दितालिया हे आपले पत्र काढले. वृत्तपत्रात किती बळ असते हे तो पुरते जाणून होता, म्हणूनच सत्ता हाती येताच त्याने प्रथम त्याच वाटा बुजविल्या. आपल्या पेशातील माणसाची ही करणी मराठी संपादकांस आधी दिसावयास हवी होती. ती दिसूनही मोजली गेली नाही, कारण ते जे मोजीत होते ते निराळेच होते.

वृत्तपत्रांच्या गळचेपीचा परिणाम त्या देशापुरताच राहत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्या काळी जगातील बातम्यांचे क्षेत्र मोठ्या वृत्तसंस्थांनी आपसांत वाटून घेतले होते, आणि हिंदुस्थान रॉयटरच्या वाट्यास आला होता. रोमची वार्ता नाशिकास यावयाची ती लंडनवरून, आणि रोममध्येच जर सरकारी मजकुराखेरीज काही छापले जात नसेल, तर वाटेतील कोणी कितीही प्रामाणिक असला तरी त्याने आणावे काय? विहिरीतच एका बाजूचे पाणी असेल तर पोहरा कोणाचा ह्यास महत्त्व उरत नाही.

हा अनुभव आपल्या दोन थोर पुरुषांस प्रत्यक्ष आला. रवींद्रनाथ ठाकूर १९२६ च्या उन्हाळ्यात मुसोलिनीचे पाहुणे म्हणून इटलीत गेले. तेथील पत्रांनी त्यांच्या सौजन्याच्या बोलण्यांतून फॅसिझमची प्रशस्ती तयार केली आणि जगभर फिरविली. पुढे स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ ह्यांची भेट झाली, परागंदा इटालियनांच्या तोंडून खरी हकीकत कळली, तेव्हा रवींद्रनाथांनी आपला निषेध मँचेस्टर गार्डियन ह्या इंग्रजी पत्रातून प्रसिद्ध केला. १९३१ च्या डिसेंबरात गांधीजी परतीच्या वाटेवर रोमला थांबले. ज्योर्नाले दितालिया ह्या पत्राने त्यांच्या नावावर अशी एक मुलाखत छापली की जी त्यांनी कधी दिलीच नव्हती. ती लंडनला पोचली, तेथे गहजब झाला, आणि गांधीजींस बोटीवरून तारेने इन्कार करावा लागला. जगप्रसिद्ध माणसांची ही गत, तर गोदाकाठच्या वाचनालयात पत्र उलगडून बसलेल्या गृहस्थाचा काय पाड? नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. वाचनाची भूक ह्या गावास जुनी. परंतु भूक कितीही चांगली असली तरी पानात वाढलेलेच खावे लागते.

ह्या वातावरणात नागपूरचे डॉक्टर बाळकृष्ण शिवराम मुंजे १९३१ मध्ये इटलीत पोचले. ते नेत्रवैद्य होते, बोअर युद्धात शुश्रूषापथकात काम केलेले होते, हिंदुमहासभेचे पुढारी होते, आणि पहिल्या गोलमेज परिषदेहून परतत होते. मार्चमधील मुक्कामात त्यांनी रोममधील लष्करी व व्यायामविषयक संस्था पाहिल्या, बालिल्ला आणि आव्हांग्वार्दिस्ती ह्या मुलांच्या संघटना पाहिल्या, आणि १९ मार्च रोजी व्हेनेत्सिया प्रासादात मुसोलिनीची भेट घेतली. ह्या सर्वांची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. मुलांच्या ह्या शिस्तबद्ध संघटना पाहून ते हरखून गेले. होतकरू राष्ट्रास असे काही हवेच आणि हिंदुस्थानास ते सर्वांत अधिक हवे, असे त्यांनी मुसोलिनीस सांगितले. पुढे १९३५ मध्ये त्यांनी लष्करी शिक्षणासाठी मंडळ स्थापिले, आणि १९३७ साली नाशिकास भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. मुंजे शेवटपर्यंत ह्या कामात राहिले. १९४८ साली त्यांचा अंत नाशिक येथेच झाला.

ही शाळा म्हणजे इटलीची निव्वळ नक्कल, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंज्यांनी इंग्लंडादी अन्य देशांतील संस्थाही पाहिल्या होत्या, आणि हिंदी तरुणांस अधिकारपदे मिळावीत ह्यासाठी त्यांची खटपट रोमच्या भेटीपूर्वीपासून चालू होती. निःशस्त्र केलेल्या लोकांनी शस्त्र शिकावे ही इच्छा लाजिरवाणी नव्हे. आमचा मुद्दा एवढाच की ज्या समाजाने कित्येक वर्षे आपल्या पत्रांतून इटलीच्या कवाइती मुलांची हकीकत कौतुकाने वाचली होती, त्याच्या पुढाऱ्यास रोममध्ये काय पाहावयाचे हे आधीच ठरून गेले होते. त्यांस कवाईतीचे मैदान दाखविण्यात आले आणि त्यांनी ते डोळे भरून पाहिले. त्याच शहरात तुरुंगही होते. ते पाहण्याची इच्छा त्यांच्या मनात वृत्तपत्रांनी पेरलेली नव्हती.

आता नाशिकातच त्या वर्षांत काय चालले होते, इकडे दृष्टी वळवू. २ मार्च १९३० रोजी डॉक्टर आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी तो पुढे कित्येक वर्षे लढवीत राहिले. लाठ्या, दगड, कैद ह्यांतून गेले, पण मंदिराचे दार उघडले नाही. अखंड राष्ट्र, एक शिस्त, एक पुढारी ह्या इटालियन कल्पनेवर खूष असणाऱ्या गावात, गावचीच हजारो माणसे देवळाबाहेर उभी होती. दूरची व्यवस्था डोळ्यांस सुबक दिसते ह्याचे मर्म येथे आहे. दाराबाहेर कोणास ठेवले आहे, हे दुरून दिसत नाही. आपल्या गावात ते रोज दिसत असूनही ज्यांस दिसले नाही, त्यांस रोममधील दिसावे ही अपेक्षा करणे कठीणच होते.

ह्याच सुमारास, १९३२-३३ मध्ये, नाशिकरोडच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एसेम जोशी, नानासाहेब गोरे आदी सत्याग्रही कैदी एकत्र आले होते. त्यांच्या तेथील वाचन आणि वादविवादातून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला. फॅसिझमचे खरे स्वरूप ह्या मंडळींनी लवकर ओळखले. परंतु न्याय करावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की त्यांच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तेव्हा रशियाचे चित्र होते, आणि तेही पुस्तकांतून व पत्रांतून आलेले. नाशिक जिल्ह्यातच निफाड तालुक्यात जन्मलेल्या श्रीपाद अमृत डांग्यांनी १९२१ मध्ये गांधी विरुद्ध लेनिन ही पुस्तिका लिहिली आणि पुढील वर्षी मुंबईत सोशलिस्ट हे पत्र काढले, तेही दूरच्या दिव्याकडे पाहूनच. रशियातही विरोधकांची पत्रे उरली नव्हती. तेथील बंदिशाळा आणि १९३६ नंतरचे खटले ह्यांची खरी कथा कळली तेव्हा मसानींनी त्या राज्यपद्धतीवर कडक टीका केली आणि जयप्रकाशांनीही ती वाट सोडली. तुरुंगाच्या भिंतीआतील वाचक आणि वाचनालयातील वाचक ह्यांचे देव निराळे होते. देव पाहण्याची रीत मात्र पुष्कळशी एक होती.

ही मोहिनी उतरली कशी? ३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या फौजा अबिसीनियात शिरल्या. विमानांतून विषारी वायू टाकला गेला. १९३६ च्या मे महिन्यात अदिस अबाबा पडले, आणि जूनच्या अखेरीस सम्राट हैले सेलासी जिनिव्हाच्या राष्ट्रसंघापुढे एकटा उभा राहिला. ज्या देशाचे उदाहरण ‘पारतंत्र्यातून कसे उठावे’ म्हणून दिले जात होते, तोच देश आफ्रिकेतील एका स्वतंत्र राष्ट्रास पारतंत्र्यात लोटीत होता. आता मराठी वाचकास चित्रातील आपली जागा एकदम कळली. आपण मुसोलिनीच्या बाजूचे नव्हे, अबिसीनियाच्या बाजूचे! त्या वर्षी मार्चमध्ये जवाहरलालजी रोममार्गे परतत असता मुसोलिनीच्या भेटीचा आग्रह त्यांनी निग्रहाने मोडून काढला. मे महिन्यात राष्ट्रसभेने देशभर अबिसीनिया दिन पाळविला. १९३५ नंतर केसरीतील ती लेखमालाही संपल्याचे कासोलारीबाईंच्या शोधावरून दिसते.

त्याच १९३५ च्या ऑक्टोबरात, १३ तारखेस, नाशिक जिल्ह्यातील येवले येथे डॉक्टर आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही, हे आम्ही जाणतो. तथापि इतिहासाचा अभ्यासक ह्या दोन तारखांपाशी थांबल्यावाचून राहणार नाही. दहा दिवसांच्या अंतराने दोन्हीकडे एकच गोष्ट उघड झाली: बळकट, शिस्तबद्ध, एकजीव म्हणून जे दाखविले जात होते, ते कोणाच्या तरी मानेवर उभे होते.

१९३८ मध्ये इटलीने ज्यूविरोधी कायदे केले. १९४० मध्ये ती हिटलरच्या बाजूने युद्धात उतरली. २८ एप्रिल १९४५ रोजी मुसोलिनीस त्याच्याच देशबांधवांनी गोळ्या घातल्या. शेवट माहीत असताना आरंभीच्या लेखकांस दोष देणे सोपे आहे, आणि आम्ही त्या सोप्या वाटेने जाऊ इच्छीत नाही. १९२४ मध्ये १९४५ कोणासही दिसणे शक्य नव्हते. परंतु १९२६ मध्ये १९२६ दिसणे शक्य होते. आल्बेर्तीनींची गच्छंती, बंद पडलेली पत्रे, मात्तेओतीचा खून ही भविष्यवाणी नव्हती. त्या घडून गेलेल्या गोष्टी होत्या. त्यांच्यावरून निर्णय करावयास द्रष्टेपण लागत नव्हते, फक्त प्रश्न योग्य क्रमाने विचारावयास हवे होते.

१९४३ च्या जानेवारीत पुण्याच्या गोखले स्मारक मंदिरात रानड्यांच्या एकशेएकाव्या जयंतीच्या निमित्ताने बोलताना डॉक्टर आंबेडकरांनी विभूतिपूजेचा समाचार घेतला आणि वृत्तपत्रांचाही घेतला. पत्रकारी हा एके काळी धर्म मानला जाई, तिचा व्यापार झाला, आणि पुढाऱ्यांचे पोवाडे गाणे हेच तिचे काम होऊन बसले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ते स्वदेशी पुढाऱ्यांविषयी बोलत होते. परंतु परदेशी विभूतीची पूजा हे त्याच दुखण्याचे सौम्य आणि म्हणूनच अधिक फसवे रूप आहे. स्वदेशी विभूतीच्या कारभाराची झळ आपणांस लागते, निदान शेजाऱ्यास तरी लागते. परदेशी विभूतीची झळ सारी तेथल्या लोकांस आणि कौतुकाचा आनंद मात्र आपणांस.

आज नाशिकास पुष्कळ दैनिके आहेत, जगाची वार्ता क्षणात हातात येते, आणि लोकांच्या टाळ्यांवर निवडून आलेल्या, ‘देश ताठ उभा केला’ म्हणविणाऱ्या परदेशी पुढाऱ्यांची चित्रे पहिल्या पानांवर येतच असतात. कोणी त्यांवर भाळतो, कोणी चिडतो. कोणते मत बरोबर हे ठरविण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेत नाही. जुन्या प्रकरणावरून एकच सूचना करावीशी वाटते. अशा कोणत्याही राज्याविषयी वाचताना त्याने किती पूल बांधले, किती शत्रू नमविले, गाड्या वेळेवर सोडल्या की नाही, हे अवश्य पाहावे. पण त्याच्या आधी एक प्रश्न विचारावा: तेथील वृत्तपत्रांचे काय झाले? सरकारास न आवडणारी गोष्ट तेथील संपादकाने काल छापली, तर आज तो आपल्या खुर्चीवर आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर पुलांची व गाड्यांची हकीकतही आपणांस त्या सरकारच्या तोंडूनच कळत आहे असे समजावे, आणि तिच्यावर निम्माच विश्वास ठेवावा.

वाचकांनी हा प्रश्न विचारला तर संपादकांनाही तो विचारावाच लागेल. केसरीच्या वाचकाने १९२६ साली आपल्या पत्रास एक कार्ड टाकून मिलानच्या त्या संपादकाचे पुढे काय झाले असे विचारले असते, तर त्याचे उत्तर द्यावयास टिळकांच्या गादीवरील माणसापेक्षा योग्य माणूस साऱ्या हिंदुस्थानात नव्हता.